आईने न घेतलेली भाकर

आदामाने फळ खाल्लं, त्याचं पाप माझ्या माथी का, म्हणून लहानपणी मी चर्चच्या शब्बाथशाळेत बाईंशी कचाकचा भांडले होते. "मोठी झालीस की कळेल," बाई म्हणाल्या. असला राग आला होता मला!

माझा भाऊ गेला तो मामाच्या स्कूटरवर मागे बसून. मामा प्यायलेला होता. लालबागच्या पुलावर गाडी घसरली. मामाला नुसतं खरचटलं. तेव्हापासून परळच्या आमच्या चर्चमध्ये पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी बाकांवरून फिरत आली, की आई तिला हात न लावता पुढे सरकवायची. मनात वैर ठेवून ती भाकर खायची नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेवटच्या बाकावर बसणारा मामाही घ्यायचा नाही. त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. आईसाठी मात्र जीव तुटायचा.

मग आईला कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा ती म्हणाली, "एकदा भाकर घेऊन जाऊ दे गं मला." पाळकसाहेब भाकर आणि द्राक्षारस घेऊन घरी आले. आधी समेट व्हायला हवा म्हणून आईनेच मामाला बोलावून घेतलं. तो मेला दारातच उभा राहून रडत होता.

"क्षमा केली म्हणा, ताई," पाळकसाहेब म्हणाले.

आईने दोनदा तोंड उघडलं.

"नाही हो निघत तोंडातून. देवासमोर खोटं कशी बोलू? माझं पोर गेलं."

"लायक कुणीच नसतं, ताई. आपल्यासारख्या पाप्यांसाठीच तर प्रभूने या भाकरीसारखं स्वतःला मोडून दिलं."

आईने दारातल्या मामाकडे बोट केलं. मग म्हणाली, "असं असेल तर त्याला द्या. माझं मी वर गेल्यावर बघते."

मामाने हुंदके देत भाकर खाल्ली. आईने तोंड भिंतीकडे वळवलं. दोन दिवसांनी ती तशीच गेली, उपाशी.

परवाच्या रविवारी मामा माझ्या बाकावर येऊन बसला. थाळी आली. त्याने तुकडा उचलला आणि थाळी माझ्यापुढे धरली. मी आजवर एकदाही भाकर चुकवलेली नव्हती. मामाच्या हातातली थाळी घेतली आणि तशीच पुढे सरकवली.