साहेबांची झुरळं

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत एक गृहस्थ राहतात. दारावर त्यांच्या नावाची पाटी आहे, पण ती वाचायची गरज कुणाला पडत नाही. सगळे त्यांना ढेकूणकाका म्हणतात. तोंडावर नुसतं काका आणि पाठ वळली की ढेकूण. घरोघर जाऊन किड्यांचं औषध मारायचं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. पाठीवर टाकी, हातात लांब नळी, नाकावर फडकं. या माणसाला अर्ध्या शहराची मोरी पाठ आहे. कुणाच्या ओट्याखाली काय दडलंय, कुणाच्या पलंगाच्या कोणत्या फटीत काय वळवळतंय, ते त्यांना घरच्या सुनेआधी कळतं.

आणि याच माणसाच्या घरात झुरळांचा असा सुळसुळाट की डबा उघडला तर आतलं झुरळ आपल्याकडेच "काय काम आहे?" अशा नजरेनं बघतं. कारण एकच. साहेब.

साहेब म्हणजे कुत्रा. चार वर्षांपूर्वी काकांची बायको गेली. त्याच साली एका गोदामात औषध मारायला गेले, तर पोत्यांच्या मागे हे महाराज बसलेले. अंगावर केस कमी आणि गोचिड्या जास्त. गोदामाचा मालक म्हणाला, "याच्यावर पण मारा थोडं." काकांनी कुत्र्याला बाहेर खांबाला बांधलं, काम उरकलं आणि जाताना दोरी सोडून घरी घेऊन आले. आल्या आल्या त्यानं मोरीच्या तोंडाशी एक झुरळ टिपलं, कुरुमकुरुम खाल्लं, आणि काकांच्या एकुलत्या एका खुर्चीवर चढून बसला. तेव्हापासून तो साहेब.

झुरळ धरावं तर साहेबांनीच. उगाच धावपळ नाही की भुंकणं नाही. भिंतीपाशी मान तिरकी करून बसायचं, मिशी हलली की पंजा टाकायचा, आणि मग सावकाश, चणे खाल्ल्यासारखं. दिवसाला वीस-पंचवीस तरी. काका संध्याकाळी कामावरून आले की विचारणार, "साहेब, जेवण झालं?" त्या घरात दिवसभरात उच्चारलं जाणारं पहिलं वाक्य ते. बहुतेक वेळा शेवटचंही.

मुलगी लांबच्या शहरात दिलेली. तिचा रविवारी फोन. तीन वर्षांपूर्वी ती येऊन गेली, तेव्हा सासरी जाऊन तिनं बॅग उघडली आणि सासूच्या देखत घडीच्या साडीतून दोन झुरळं बाहेर आली. त्या दोन झुरळांनी बापलेकीच्या मधले तीन वर्षांचे दिवस खाल्ले. यंदा मात्र तिला सात महिन्यांची पोर होती, आणि एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यात येते. आठ दिवस राहीन म्हणते."

"ये की."

"येते, पण झुरळं तेवढी बघा. पोर रांगायला लागलीय. दिसेल ते तोंडात घालते."

"बघतो."

"तुमचाच धंदा आहे, बाबा. लोक हसतात."

"बघतो म्हटलं ना."

फोन ठेवला आणि माणूस वीस वर्षांनी तरुण झाला. गाद्या गच्चीत वाळत पडल्या. खिडकीची कडी चार वर्षं तुटकी होती, ती बसली. पोरीला न्हाऊ घालायला निळा टब आला. जिन्यात भेटेल त्याला काका थांबवून सांगत, "आठ दिवस येतेय. एक-दोन दिवस नाही, आठ दिवस." मग एके दिवशी सकाळी त्यांनी टाकी भरली, पाठीवर घेतली, दांडा दोनदा हलवून दाब भरला आणि नळी ओट्याखाली घातली. समोर साहेब बसले होते. तोंडातून झुरळाचा एक पाय बाहेर लोंबत होता.

काकांचा हात थांबला.

तीस वर्षं गिऱ्हाइकं त्यांना विचारत आली होती. घरात कुत्रं आहे, त्यानं औषधाचं मेलेलं झुरळ खाल्लं तर? आणि तीस वर्षं त्यांचं एकच ठेवणीतलं उत्तर होतं, "कुत्र्याचं पोट आहे ते, तुमचं-आमचं नाही. काही होत नाही." हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ज्याच्या हाताखाली ते धंदा शिकले तो असं म्हणायचा, म्हणून तेही म्हणायचे. टाकी उतरवून ते खाली बसले. साहेबांनी लोंबता पाय आत ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी काका साहेबांना घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टरीण मुलीच्याच वयाची. तिनं साहेबांचे दात बघितले, पोट चाचपलं.

"काका, याला काय झालंय?"

"अजून काही नाही. पुढे होईल का ते विचारायला आलोय." मग सगळं सांगितलं.

ती हसली नाही, हे काकांना आवडलं. म्हणाली, "हे बघा, किडे खाल्ल्यानं कुत्र्याला बहुतेक वेळा काही होत नाही. माशी, नाकतोडा, झुरळ. फार खाल्ली तर टरफलानं ओकेल. झुरळाच्या पोटातून जंत येतात, म्हणून औषध मी सांगेन तसं वेळच्या वेळी द्यायचं. मधमाशीच्या मागे लागू देऊ नका, तोंडात डंख बसला तर घसा सुजून श्वास अडकतो. केसाळ सुरवंटही नको, जीभ भाजते."

"ते खात नाहीत साहेब. चव कळते त्यांना."

"बरं. आता औषधानं मेलेली झुरळं. एखाददुसऱ्यानं एवढ्या मोठ्या कुत्र्याला सहसा काही होणार नाही. पण हा मूठमूठ खातो. तेव्हा औषध कोणतं, किती, त्यावर आहे सगळं. कोणतं मारता तुम्ही?"

इथे काका अडकले. त्यांचं औषध म्हणजे तीन डब्यांचं मिश्रण. एक लगेच पाडणारं, एक फटीत महिनाभर टिकणारं, आणि वर थोडं रॉकेल. रॉकेलनं काही मरत नाही, पण वास आल्याशिवाय गिऱ्हाइकाला मारल्यासारखं वाटत नाही. डब्यांवरची नावं औषध सांडून सांडून कधीच विरली होती. ओळख म्हणून एकाच्या कडीला सुतळीची एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. प्रमाण नाकानं ठरवायचं.

"दोन गाठीवालं जास्त," काका म्हणाले, "आणि एक गाठीवालं कमी."

डॉक्टरिणीनं लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. "काका, गाठीवरून मी काय सांगू? दुसरं घ्या, नाव-गाव असलेलं. पण तसलं आणलंत तरी पंचवीस झुरळं खाणाऱ्याची हमी मी देणार नाही. मारायचंच असेल तर याला पंधरा दिवस दुसरीकडे ठेवा. मेलेली रोज झाडून काढा. अर्धमेली बाहेर यायची थांबली की आणा परत. एवढं साधं आहे."

साधंच होतं. काका घरी आले, चहा केला आणि साहेबांना कुठे ठेवायचं याचा विचार करू लागले. आणि तिथे त्यांना एक गोष्ट कळली, जी आम्हां शेजाऱ्यांना आधीपासून ठाऊक होती. या माणसाला चारशे घरं आतून माहीत होती, आणि त्यातल्या एकाही घरात तो पाहुणा म्हणून कधी बसला नव्हता. ढेकूणकाका दारात उभे दिसले की लोक आधी मागे-पुढे बघतात, शेजाऱ्यांनी पाहिलं तर काय म्हणतील. त्यांना मागच्या दारानं घेतात आणि मागच्या दारानं वाटेला लावतात. ओळख म्हणावी अशी माणसं त्यांनी बोटांवर मोजली आणि तिघांवर थांबले.

पहिला औषधांचा दुकानदार. तो म्हणाला, "दुकानात ठेवतो की, पण इथे विषाशिवाय काय आहे?" बरोबरच होतं. दुसरी गोदामाजवळची चहावाली. ती म्हणाली, "दादा, ठेवलं असतं, पण माझी मांजर आधीच कुणाशी बोलत नाही." कुत्री ठेवून घेणारी एक जागाही होती म्हणे, काका चालत तिथवर गेले, तर तिथे वंशावळीचा कागद मागितला. "साहेबांचा बाप कोण ते साहेबांच्या आईलाही सांगता यायचं नाही," असं काकांनी मला नंतर सांगितलं. तिसरं दार आमचं. माझी बायको म्हणाली, "काका, ह्यांना केसांची शिंक येते." मला कसलीही शिंक येत नाही. मी पेपर वाचत होतो, तो वाचत राहिलो.

"असू दे, वहिनी," काका म्हणाले. "सहज विचारलं."

मग त्यांनी वेगळंच काढलं. भर दुपारी दारं-खिडक्यांना घोंगड्या लावून खोलीत मिट्ट काळोख करायचा, बत्ती विझवायची, आणि साहेब नि ते दोघं जमिनीवर गप्प बसून राहायचे. अर्ध्या तासानं झुरळांना वाटायचं रात्र झाली. भिंती सळसळायला लागल्या की काका बत्ती लावायचे आणि एका हातात चप्पल, दुसऱ्यात साबणाच्या उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन सुटायचे. मागे पडेल ते साहेबांचं. धंदेवाल्याला घरटी कुठे असतात ते ठाऊक. कपाटाच्या बिजागऱ्या, शेगडीच्या टेबलाखालची पट्टी, घड्याळाची पाठ. सगळं उपसलं. तीन आठवडे हा खेळ चालला. खालच्या मजल्यावर आम्हाला चपलांचे आवाज यायचे आणि मधूनच काकांचं बोलणं, "तो तुमच्या बाजूला गेला, साहेब. बघा जरा." दुपारची कामं सोडली त्यांनी. इतकं सलग बोलताना त्यांना आम्ही बायको असतानाही ऐकलं नव्हतं.

मुलगी आली तेव्हा घर आरशासारखं होतं. तिनं बॅग आधी पलंगावर ठेवली, खाली ठेवली नाही. पोर चादरीवर सोडली. काका समोर उकिडवे बसले. पोरीनं त्यांची करंगळी धरली. तास-दीड तास असा गेला, की त्यात कुणी काही मागितलं असतं तर काकांनी देऊन टाकलं असतं.

विजेच्या बोर्डाची मागची बाजू तेवढी राहिली होती. तिथे उकळतं पाणी घालता येत नाही. मुलीनं दुधासाठी शेगडी पेटवली, भिंत तापली, आणि बोर्डातून एक थोराड झुरळ खाली उतरून थेट चादरीकडे निघालं. साहेबांनी आपलं काम केलं. एक पंजा, कुरुमकुरुम, आणि मग पोरीचा लाळेनं ओला झालेला हात चाटला.

मुलीनं पोर उचलली. मोरीवर नेऊन हात तीनदा धुतला. मग म्हणाली, "बाबा, हेच तोंड?"

"झुरळानं त्याला काही होत नाही. डॉक्टरांना विचारलंय मी."

"त्याला. मी तिचं विचारतेय."

तिचं काकांनी विचारलंच नव्हतं.

"औषध मारलं नाहीत तुम्ही?"

"नाही."

"मग मारा. मी दोन-तीन दिवस नणंदेकडे जाते. याला ठेवा कुणाकडे तरी."

"ठेवायला कुणी नाही."

"कुणी म्हणजे? एवढी वर्षं इथे राहताय, एक घर नाही?"

"विचारलं मी. चार ठिकाणी."

मुलगी पोरीला खांद्यावर घेऊन उभी राहिली. बापाकडे बघत राहिली. तिला बहुतेक वाटत होतं की बाबा कुत्र्यापायी हट्ट करतात. पण बाबा हट्ट करत नव्हते, माहिती देत होते. ते कळायला तिला थोडा वेळ लागला. मग ती खुर्चीवर बसली. साहेब नुकतेच उठलेले असल्यानं खुर्ची गरम होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? की कुत्रं ठेवायला कुणी नाही म्हणून?"

संध्याकाळी ती नणंदेकडे गेली. नणंद याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. तिच्या घरात कुत्र्याचं नाव काढायची सोय नाही. पण रोज सकाळी अकराला मुलगी पोरीला घेऊन यायची. वर जायची नाही. काका तोंड धुऊन, भांग पाडून, साहेबांना दोरीनं कठड्याला लांब बांधून जिन्यात तयार बसलेले असत. तिघं पायरीवर बसायचे. जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्याला अंग चोरून जावं लागे. ती नवऱ्याच्या बदलीचं बोलायची, काका पोरीच्या दाताचं. साडेबारा वाजले की ती उठायची, कारण नणंदेकडे जेवायला थांबलेले असत. निळा टब वर तसाच होता. पायरीवर काही न्हाऊ घालता येत नाही.

आठव्या दिवशी ती बॅग घेऊन आली. न्यायला आलेला जावई गाडीतून उतरला नाही, आतूनच त्यानं हात केला. पोर झोपली होती.

"पुढच्या वेळी आम्ही लॉजवर उतरू, बाबा. तुम्हाला त्रास नको."

"उतरा."

"रागावलात?"

"नाही गं. लॉज स्वच्छ असतो. मी मारतो तिथे औषध, दर तीन महिन्यांनी."

ती हसली. हसताना तिनं वाकून साहेबांच्या डोक्यावर हात ठेवला, आठ दिवसांत पहिल्यांदा, आणि तो हात पदराला पुसत गाडीत जाऊन बसली. गाडी वळेपर्यंत काका रस्त्यावर उभे होते. मग ते वर गेले, टब पालथा घालून मोरीजवळ ठेवला आणि कामाचे कपडे चढवले. दुपारी दोनला एका घरी ढेकणांचं काम होतं.