सिस्टर आणि आईची फासळी

मंगळवारी सकाळी सिस्टर आमच्या गावच्या, कासूच्या स्टेशनवर उतरल्या, बाकावर बसल्या आणि तिथेच वारल्या. त्या आमच्याकडेच यायला निघाल्या होत्या.

पेणच्या एका लहान दवाखान्यात त्या नर्स होत्या. रामवाडीत एकट्या राहत. छातीला मार लागलेला कुणी आला की त्याची हकीकत त्या ऐकत, पण बोटं मधल्या हाडापासून पाठीपर्यंत एकेक फासळी चाचपत जात. "बोटांचं ऐकायचं, तोंडाचं नाय," असं त्यांचं म्हणणं.

पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते आईला घेऊन गेलो तेव्हा. आमच्या आधी मिठागरावरची एक बाई होती. नवरा म्हणाला, "बांधावरून घसरली."

"पडताना माणूस आधी हात टेकतो," सिस्टर म्हणाल्या. "हिच्या हाताला साधं खरचटलं नाय. तू जा, चहा पिऊन ये."

तो गेल्यावर त्यांनी दार लावलं. ती बाई पुढे दवाखान्यातून थेट माहेरी गेली, असं कळलं.

मग आमची पाळी. आईला महिनाभर खोकला होता. एका उबळीत कुशीत कट्कन झालं आणि तेव्हापासून श्वास घेताना कळ येत होती. रोह्याला काढलेल्या एक्स-रेत सातवी फासळी मोडलेली दिसली होती.

"पडली नाय गो बाय, खोकल्यानं झालं," आई म्हणाली.

सिस्टरांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "खोकल्यानं म्हाताऱ्या माणसाची फासळी मोडते, मला ठाऊक हाय. मुलाचं नाव राखायला आया काय काय सांगतात, तेपण ठाऊक हाय."

मी शाळेत शिकवतो, घरात वाचत असतो, असं काहीतरी पुटपुटलो.

"वाचणारा हात उचलत नाय, असं कुठल्या पुस्तकात लिवलंय, मास्तर?"

छाती आवळून बांधू नका, दुखलं तरी दीर्घ श्वास घ्यायला लावा, नाहीतर कफ साठेल, एवढं त्यांनी नीट समजावलं. त्यानंतर दर मंगळवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, माझी शाळा भरण्याआधी त्या न सांगता आमच्या घरी येऊ लागल्या. मला पाणी आणायला पाठवून आईला काहीबाही विचारत. एकदा म्हणाल्या, "बारा जोड्यांतल्या पाच जोड्यांना पुस्तकातच खोट्या फासळ्या म्हणतात. देवानं छातीतच एवढ्या खोट्या ठेवल्या, तर माणसांचं काय घेऊन बसलात?" आई हसली आणि कुशीला हात लावून कळवळली. त्यावरही सिस्टरांनी माझ्याकडेच पाहिलं.

मला राग यायचा. गावात कुणी काही बोललं तर शाळेत तोंड कसं दाखवू, अशी भीतीही वाटायची. तरी मंगळवारी मी चहाचं आधण जास्त ठेवू लागलो. आईच्या बाजूने इतक्या चिवटपणे उभं राहणारं दुसरं कुणी मी पाहिलं नव्हतं. एवढं सारं होऊन फासळी सांधली. खोकला मात्र गेला नव्हता. सिस्टरांचं येणंही थांबलं नव्हतं.

त्या स्टेशनवर वारल्या त्या दिवशी त्यांच्या पिशवीत एक डबा निघाला, तो लोकांनी आमच्याकडे आणून दिला. त्यावर चिठ्ठी होती : 'मास्तरांच्या आईसाठी, खोकल्याला.' आत आल्याच्या वड्या होत्या.

"बघ, माझ्या बोलण्यावर तिचा इश्वास बसला होता," आई म्हणाली.

असेलही. पण वड्या आईसाठी होत्या. माझ्याबद्दल चिठ्ठीत काही नव्हतं.

आईचा खोकला आता थांबला आहे. डबा आमच्याकडेच आहे.