मागे नेणारा बाण

श्राद्धमंत्रांचे जे विवरण आमच्या गुरुजींना त्यांच्या गुरूंकडून मिळाले होते, ते कोठेही लिहिलेले नव्हते. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज खालावू लागला, तेव्हा ते उतरवून घेण्याचे काम माझ्याकडे आले. दोन हजार सालानंतरची ती वर्षे. अशा मौखिक परंपरांसाठी एका संस्थेने संकेतस्थळ उघडले होते. एका मंत्राला एक पान, त्यात मजकुराची चौकट आणि खाली ‘जतन करा’. धारवाडच्या घरात गुरुजी पलंगावरून सांगत आणि मी त्यांच्या लेकीच्या संगणकावर टंकत असे. हुबळीच्या देशपांडे नगरातील डॉक्टरांनी त्यांना दिवसातून अर्धा तासच बोलण्याची मुभा दिली होती.

“अण्णा, तुम्ही दोघं मिळून या डब्याची मुंजच लावणार बहुतेक,” चहा ठेवताना गुरुजींची लेक, अक्का, संगणकाकडे पाहून मला म्हणाली. गुरुजींना हसू आले, पाठोपाठ खोकलाही.

त्या दिवशी शेवटचा मंत्र होता, पिंडदानाचा. अर्धा तास उलटून गेला तरी ते थांबले नाहीत. चौकट भरली. जतन करण्यापूर्वी मागच्या पानावरील एका शब्दाविषयी मला शंका आली, आणि मी वरचा मागे नेणारा बाण दाबला. वेदपठणाच्या घनपाठात आम्ही दोन पदे पुढे जातो, तीच उलटी म्हणत मागे येतो आणि पुन्हा पुढे जातो. मागे फिरल्याने काही सुटत नाही, उलट ते दृढ होते. त्याच सवयीने माझा हात गेला. शब्द पाहून मी परत आलो, तो चौकट कोरी होती.

“आलं का रे सगळं?” गुरुजींनी डोळे मिटूनच विचारले.

त्यांना धाप लागली होती. “आलं, गुरुजी,” मी म्हणालो.

बाहेर येऊन मी त्या संकेतस्थळाच्या तंत्रज्ञाला फोन केला. “सर, जतन केल्याशिवाय आमच्याकडे काही येतच नाही की!”

“मग तो बाण ठेवलाच कशाला?”

“तो आमचा नव्हे, सर. ब्राउझरचा. आम्हालाही काढता येत नाही.”

सकाळी अपराध सांगून पुन्हा विचारायचे, असे ठरवून मी झोपलो. सकाळी गेलो, तर त्यांना हुबळीच्या रुग्णालयात हलवले होते. घशात नळी होती. ते पुन्हा बोलले नाहीत. आठव्या दिवशी गेले.

ते पान मी आठवणीने भरले. आठवले नाही तेथे माझ्या बुद्धीला सुचले ते घातले. खाली नाव मात्र त्यांचेच राहिले.

वर्षश्राद्धाला अक्काने त्या पानाची छापील प्रत माझ्या हाती दिली. “अण्णा, अप्पांचे शब्द तुम्हीच वाचा.” मी वाचू लागलो आणि एका वाक्यापाशी अडलो. ते त्यांचे होते की माझे, हे माझे मलाच सांगता येईना. अक्का डोळे पुसत होती. मी पुढे वाचत राहिलो.