वाल्मिकदादाचा सांगावा

आमच्या गावात कुणी गेलं की वाल्मिकदादा आधी हातपाय धुतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि मगच निघतो. बायको विचारते, मयताचं सांगायला चाललाय की लग्नाला? तो म्हणतो, "लोकांच्या दारात जायचं हाय, तर मानसासारखं जावं."

सांगावा द्यायचं हे काम त्याला कुणी नेमून दिलेलं नाही. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या अलीकडे आमचं गाव. गावात पहिली सायकल त्याच्या बापाने घेतली, म्हणून कुणी वारलं की लोक त्यालाच पाठवायचे. पुढे बाप थकला, सायकल गंजली आणि काम दादाकडे आलं. एरवी तो भातशेती करतो, टेंपोने कर्जतच्या बाजारात भाजी टाकतो आणि उरलेल्या वेळात माझ्याशी भांडतो. मी माधवी, त्याची शेजारीण. माझं तोंड फटकळ आहे असं त्याने गावभर सांगून ठेवलंय, आणि ते खरंच आहे.

त्याची रीत ठरलेली. सांगावा घेऊन ज्या घरात गेला तिथे तो पाणीही पीत नाही. आधी घरात कोण कोण आहे ते बघतो, चुलीवर काही असेल तर उतरवायला लावतो. लेकीला सांगायचं असेल तर सोबत गावची एक बाई नेतो, तिला धरायला कुणीतरी हवं म्हणून. आणि 'गेला' किंवा 'गेली' हा शब्द तोंडातून काढत नाही. म्हणतो, "तब्येत जास्त हाय, बघून या." ऐकणाऱ्याला जे कळायचं ते तिथेच कळतं, पण गावी पोचेपर्यंत ते हळूहळू आत उतरतं. मी एकदा विचारलं होतं, खोटं कशाला बोलतोस रं? तर म्हणाला, "खोटं नाय गं. थोडा वेळ देतो त्यांना."

आता वेळ द्यायला कुणाला सवड आहे? आमच्याच गावचा जितेश फेसबुकवर गावाच्या नावाचं पेज चालवतो. तिशीचा, बायकापोरांचा माणूस. तसा वाईट नाही, अडीअडचणीला पहिला धावतो. पण कुणाचा श्वास थांबायचा अवकाश, याचा हार घातलेला फोटो तयार. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि बघता बघता शेकडो हात जोडले जातात. खालापूरकडचं एक पेज आहे, त्यांच्याशी त्याची शर्यत चालते. कोण आधी टाकतो, एवढंच त्यात बघायचं.

नवशाकाका गेले तेव्हा वाल्मिकदादानेही लिहिलं होतं. एकेक अक्षर शोधत, खोडत, चांगले चार दिवस लावले. काकांनी ओढ्यावर दगड रचून पाट कसा काढला आणि पहिलं पाणी कायम दुसऱ्याच्या शेताला कसं सोडलं, ते सगळं होतं त्यात. वाचून मला रडू आलं. त्याला दोन-तीन अंगठे आले, त्यातला एक माझा. तोवर लोक दुसऱ्या कुणाला तरी हात जोडत होते. मी दादासमोर चिडचिड केली तर म्हणाला, "तू वाचलंस ना? मग झालं."

या उन्हाळ्यात सुंदराकाकी गेली. कर्जतला दवाखान्यात होती, दुपारी गेली. तिला एकच लेक, सुरभी, शेलूला नव्या बिल्डिंगमध्ये राहते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आईच अंथरुणात, म्हणून पोरगी शेलूलाच राहिली. सासू नाही, नवरा किरण पनवेलला कामावर. घरात ती आणि महिन्याभराचं लेकरू.

दादाने किरणला फोन करून 'घरी ये' एवढंच सांगितलं. मग जितेशला बाजूला घेतलं. "आमी शेलूला पोचून फोन करेपर्यंत काय टाकू नको रं. पोरगी एकटी हाय, ओली बाळंतीण हाय."

"नाय टाकत, दादा," जितेश म्हणाला.

दादाच्या स्कुटीवर मागे मी बसले. शनिवार होता, नेरळला माथेरानच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. आम्ही उन्हात अडकलो होतो तेव्हा माझ्या पिशवीतला फोन वाजायला लागला, तो थांबेचना. काढून बघितला, तर सुंदराकाकीचा हारातला फोटो. सुरभीच्या हळदीतला होता तो. घाईत कापलेला, त्यामुळे काकीच्या खांद्यावर हिरव्या चुड्याचा एक हात तसाच राहिलेला. सुरभीचा हात.

दादाने गाडी कडेला घेतली आणि जितेशला फोन लावला.

"दादा, खालापूरवाले टाकणारच होते," जितेश म्हणाला. "काकीचं माहेर तिकडचं. आपल्या गावची बातमी त्यांनी आधी द्यायची का?"

"सुरभीचं नाव जोडलंस का त्याला?"

जितेश म्हणाला, "घरच्या सगळ्यांनाच टॅग करतो ना मी. सवयीने झालं, दादा."

मी फोन हिसकावला आणि त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला. म्हटलं, आता जाऊन काय करायचं, दादा? तिला कळलं असणार.

"जायचं," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

सुरभीने दार उघडलं तेव्हा लेकरू तिच्या खांद्यावर होतं आणि फोन हातात. डोळे कोरडे. आमच्याकडे बघून ओळख पटायलाही तिला वेळ लागला. आत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. दादा सरळ आत गेला आणि गॅस बंद करून आला. मी लेकरू माझ्याकडे घेतलं. तिच्या हातातला फोन वाजतच होता, आणि प्रत्येक वेळी तिची नजर त्याच्याकडे जात होती.

"वाल्मिकदादा," ती म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाय. नुसतं दिसलं."

दादा तिच्याजवळ आला.

"तुमी सांगा," ती म्हणाली. "तुमी सांगता ना सगळ्यांना, तसं सांगा मला."

दादाने तिच्या हातातून फोन काढून घेतला, गादीवरच्या उशीखाली सरकवला. मग तिच्यासमोर उभा राहिला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सुरभी, आईची तब्येत जास्त हाय गं. चल, बघून ये."

तेव्हा कुठे ती रडली. माझ्या एका हातात लेकरू होतं, दुसऱ्या हाताने मी तिला धरून राहिले.