मानाचे टॉवेल

औशाहून फोन आला तेव्हा मी नांदेडला सुनेच्या बाळंतपणात अडकले होते. "आत्या, अण्णा गेले. अटॅक आला," भाचा संजू म्हणाला. माझा थोरला भाऊ नातीच्या साखरपुड्यात, भरल्या मांडवात गेला. हृदयाचा जुना दुखणाईत, सुटला बिचारा, असं मलाही वाटलं... राख सावडून आल्यावर कुणीतरी साखरपुड्याचा व्हिडिओ लावला आणि तो कसा सुटला ते मला कळलं.

अण्णा गोड माणूस नव्हता. धान्याच्या मोंढ्यात सौद्याचा पुकारा करायचा आणि त्याच आवाजात घरी भाकरी मागायचा. वहिनींना चारचौघांत काय काय बोलायचा ते इथे लिहीत नाही. माझ्या पहिल्या पगाराचे पेढे नेले तर म्हणाला, "हे तर लई कडू हायत," आणि अख्खा डबा एकट्याने संपवला. त्याचं प्रेम असं होतं, समोरच्याने हुडकून घ्यायचं.

मग झटका आला. लातूरला अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, पण पाठोपाठ न्यूमोनिया झाला आणि अण्णा फार दिवस व्हेंटिलेटरवर राहिला. त्यात श्वासनलिका वरून आवळून गेली. शेवटी गळ्याला खाली भोक पाडून नळी बसवली. आवाज गेला. सिस्टरने आम्हाला सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं होतं, "तोंड-नाक विसरा. आता यांचं नाक इथं हाय. इथं कायबी झाकायचं न्हाई." नळीत कफ दाटला की सक्शन मशीनने ओढून काढायचा, तेही शिकवलं. माना सगळ्यांनी डोलावल्या.

खरं सांगायचं तर घर सुखावलं. वहिनी मोठ्याने टीव्ही लावू लागल्या, संजू बापासमोर पाय पसरून बसू लागला. अण्णा रागाने हात नाचवायचा आणि पोरं हसायची. मीही एकदा हसले होते. पुकारा करणाऱ्या माणसाचं सगळं बोलणं एका हातावर आलं होतं, आणि तो हात काय म्हणतो ते बघायची कुणाला गरज वाटत नव्हती.

साखरपुड्याच्या दिवशी मशीन मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. पाहुण्यांच्या जेवणात तो घाणेरडा आवाज नको म्हणून. सकाळपासून नळी कुणी साफ केली नाही. अण्णा मधोमध खुर्चीवर, कारण मान थोरल्याचा. व्याह्यांनी डोक्यावर टोपी ठेवली, गळ्यात नवा कोरा टॉवेल घातला. मग व्याह्यांचे भाऊ, मग मेहुणे, मग गावची मंडळी. टॉवेलावर टॉवेल चढत गेला, वरून हार. अण्णाने हात वर करून हलवला. आपल्याकडे आहेर घेताना सगळेच नको नको म्हणतात, आणि देणारा ऐकत नाही. अण्णाने टॉवेलाला हात घातला तेव्हा व्याह्यांनी तो धरून ठेवला. "राहू द्या हो अण्णा, मान हाय तुमचा." मागून कुणीतरी हसत म्हणालं, "अण्णा लाजून राहिले." त्याचे डोळे व्हिडिओत स्वच्छ दिसतात. मांडीवरचा नारळ घरंगळला, तो उचलायला तिघं धावले.

मी वहिनींना मागच्या खोलीत घेऊन गेले. म्हटलं, "वहिनी, त्याला हृदयाने नाही नेलं. त्याचा श्वास कोंडला." त्या बराच वेळ मशीनच्या नळीवरची धूळ पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "वन्सं, हे संजूला सांगू नका. पोरीचं लगीन व्हायचंय. सोयरे काय म्हनतील?" आणि नळी गुंडाळत, "मानात गेले म्हनायचं." मला त्यांचा राग आला, आजही आहे. पण मी संजूला सांगितलं नाही.

चौकात श्रद्धांजलीचा बॅनर लागला. अण्णाचा चांगला फोटो घरात नव्हता, म्हणून त्या दिवशीचाच घेतला. तोच आता बैठकीत फ्रेम करून लावलाय. डोक्यावर टोपी, गळाभर टॉवेल, उजवा हात वर. येणारा प्रत्येक जण म्हणतो, काय देवमाणूस, जाताना आशीर्वाद देऊन गेला. साखरपुडा झालेली ती नात गेल्या आठवड्यात फोटोपुढे वाकली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "हाव गं, तुलाच देतोय."