बिरोबाचा भंडारा आणि महांतेशचा स्लॅब

हरणाबाईंचा सगळा संसार पालात झाला. नवरा धुळाप्पा मेंढरं घेऊन रानोमाळ, आणि त्या मागोमाग. आता धुळाप्पाच्या गुडघ्यांनी साथ सोडली होती. ही शेवटची भटकंती, आल्यावर कळप पुतण्याच्या हवाली करायचा, हे ठरलेलं. मृगाच्या आत तो परतेल तेव्हा लोहाऱ्याजवळच्या त्यांच्या गावी डोक्यावर पक्कं छत हवं, हा एकच हट्ट हरणाबाईंनी जन्मात धरला. त्यासाठी यंदा त्या मागं राहिल्या.

बांधकामाचा ठेका महांतेशला दिला. कागद? छे! त्यानं बिरोबाच्या देवळात भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलून शपथ घेतली, "होळीपर्यंत स्लॅब टाकतो." भंडारा उचलल्यावर कागद मागणं म्हणजे देवावरच संशय घेणं, असं हे भाबडे लोक मानतात. आणि त्यांचा हा भाबडेपणा महांतेशला चांगला ठाऊक होता.

भिंती उठल्या, स्लॅबचीही उचल त्यानं आधीच घेतली आणि गडी दुसऱ्या गावच्या बंगल्याच्या कामावर पसार. "उद्या येतो, मावशी," म्हणता म्हणता फोन बंद झाला. होळी गेली. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. कुणीतरी लोहाऱ्याच्या कोर्टात बायकांना वकील फुकट मिळतो असं सांगितलं. तिथं वर्षाराणी वकील भेटल्या.

"मावशी, तोंडी करारही करारच असतो. फक्त साक्षीदार हवा. भंडारा उचलताना कोण होतं?"

"पुजारी बिरदेव. पर बाई, देवाची गोष्ट कोर्टात न्यायची? पाप लागंल."

वर्षाराणी हसल्या नाहीत. "तुम्हाला पैसे परत हवेत की छत?"

"छत. मालक यायच्या आत."

"मग आधी नोटीस, मग लोकअदालत. तिथं जे ठरेल ते कोर्टाच्या हुकमाइतकंच पक्कं. नाहीच ऐकलं, तर धाराशिवला ग्राहक आयोग आहे, भरपाई मागता येते. पण त्याला वेळ लागतो."

हरणाबाई घरी आल्या. छत हवं होतं, आणि देवाची भीतीही खरी होती. शेवटी त्या देवळात गेल्या. बिरदेव झाडलोट करत होते. सगळं ऐकून म्हणाले, "खोटा त्यो पडला, पाप त्याला. म्या बघितलं तेवढं सांगंन. खरं बोलायला देवाची कशाला आडकाठी?"

लोकअदालतीत महांतेश छाती काढून उभा होता. "करार कसला? कागद दाखवा!" तेवढ्यात कपाळभर भंडारा लावलेले बिरदेव आत आले आणि शांतपणे बाकावर बसले. महांतेशचा आवाज खाली आला, नजरही. वैशाखात स्लॅब टाकून द्यायची तडजोड लिहिली गेली, त्यानं सही केली. बरं झालं, असल्या माणसाची मान एकदा तरी खाली जायलाच हवी!

ठरल्याप्रमाणं स्लॅब टाकून झाला. धुळाप्पा आला, दारात उभा राहून वर बघत राहिला. दारं-खिडक्या करायला शरणप्पा सुतार आला, तसा धुळाप्पानं सवयीनं शपथेसाठी कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली.

हरणाबाईंनी त्याचा हात धरला आणि सुतारापुढं कोरा कागद ठेवला.

"अवो, ऱ्हाऊ द्या ती. आदी ह्याच्यावर लिहून घ्या. आपल्यापायी देवाला पुन्ना कोर्टाची पायरी चढवायची न्हाय मला."