फियाटचा धूर आणि चंद्रभान मेस्त्री

चंद्रभानला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हा लग्नातला फोटोग्राफर असणार. अजून आठवलं की हसू येतं. बोईसरला नवापूर रस्त्यावर पत्र्याची शेड, पुढ्यात बॉनेट उघडलेल्या दोन गाड्या आणि मधोमध स्टुलावर हा माणूस. शर्ट पांढराधोप, तोंडाला पावडर, केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले. मी म्हटलं, "भाऊ, जरा तिकडं सरकून बसा, ऑइल लागेल शर्टाला. मेस्त्री कुठं गेलेत?"

तो निमूट सरकला. मग म्हणाला, "मेस्त्रीलाच सरकवलात तुमी, मावशी."

मी तेव्हा चाळिशीची. मावशी म्हणाला ते मी त्याला कधी माफ केलं नाही.

आमची वरात तिथं गेली होती ती माझ्या बहिणीच्या नवऱ्यामुळं. नलूला मुरब्याला दिलीय. तिचा नवरा कमलाकांत. भावांशी भांडून मासेमारीच्या होडीतून बाहेर पडला आणि एक जुनी फियाट घेऊन भाड्यानं फिरवायला लागला. बोईसरच्या एका कारखान्याच्या साहेबांना रोज न्यायचं-आणायचं काम मिळालं होतं. पण तेव्हा गाड्यांच्या धुराची तपासणी नवीनच निघाली होती. साहेब म्हणाले, सोमवारी पीयूसीचा कागद दाखव, नाहीतर दुसरी गाडी बघतो. आणि पंपावरचं मशीन काही केल्या फियाटला पास करेना. काम गेलं असतं तर कमलाकांतला परत भावांच्या होडीवर चढायला लागलं असतं, तेही मान खाली घालून. नलू घरी देव पाण्यात ठेवून बसलेली. मला तिनं सोबत धाडलं, कारण कमलाकांतला चारचौघांत बोलता येत नाही. माझं तसं नाही.

आता हा चंद्रभान कोण, ते सांगते. मूळचा एडवणचा. बाप तांडेल, स्वतःच्या होडीचा कप्तान. आणि या पठ्ठ्याला बोट लागायची. किनारा दिसेनासा झाला की ओकाऱ्या सुरू. तांडेलाचा मुलगा होडीच्या काठावर उलटा लटकलेला, सगळं गाव हसायचं. बापानं शेवटी त्याला होडीच्या मशीनपाशी खाली बसवलं, निदान कुणाला दिसायचा तरी नाही. तिथं मशीनचा आवाज ऐकता ऐकता त्याला त्याचं वेड लागलं. मग मुंबईला एका गॅरेजात राहिला, बायको केली, बोईसरला शेड टाकली. पांढऱ्या शर्टाचं विचारलं तर सांगायचा, "काळा शर्ट घातला तर गिराईक म्हणेल, याला काम येत नाय, नुसता माखून घेतो." स्वतःविषयी त्याचं मत पहिल्यापासून चांगलंच होतं.

तर त्यानं फियाट चालू करायला लावली. मागून काळा धूर निघाला. चंद्रभाननं वास घेतला, अत्तरवाला घेतो तसा.

"आधी कोणाला दाखवली?"

कमलाकांत म्हणाला, "पालघरला. कार्ब्युरेटर धुतला, प्लग नवे टाकले, पेट्रोलचा स्क्रू पण कमी केला."

"किती दिवस झाले प्लगना?"

"आठवडा."

चंद्रभाननं एक प्लग काढून मला दाखवला. काजळाची डबी दिसत होती. "बगा मावशी. आठवड्यात एवढा काळा. पेट्रोल जळत नाय पुरता. म्हंजे एक तर पेट्रोल जास्त, नायतर हवा कमी. पेट्रोलचा सगळा करून झाला. ऱ्हायली हवा."

"हवेचा फिल्टर मी पावसाच्या आधी नवा घातलाय," कमलाकांत म्हणाला. या एका गोष्टीवर तो ठाम होता.

चंद्रभाननं डब्याचं झाकण उघडून फिल्टर बाहेर काढला. खरंच नवाकोरा. कमलाकांतनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही परीक्षेत पहिला आला. मीही म्हटलं, "मेस्त्री, हा तर नव्या नवरीसारखा आहे. याला कशाला बोल लावता?"

चंद्रभान स्टुलावर बसला. फिल्टर मांडीवर घेऊन म्हणाला, "गाडी कुठं उभी करतोस?"

"दारात. मुरब्याला."

"किनाऱ्यावर?"

"वलांडीच्या बाजूला."

वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायच्या काठ्या, तिथं वाळू आणि सुक्या मासळीची भुकटी दिवसभर उडते.

"नारळी पुनवेपासून आज माघ. मुरब्याच्या वाळूत उभी गाडी, आणि फिल्टरवर कण नाय? मावशी, पोर मातीत खेळून आला आणि हात सोच्छ, तर आई काय समजते? खेळलाच नाय तो."

त्यानं झाकण उघडं ठेवूनच गाडी चालू करायला सांगितली. धूर गेला. आवाजसुद्धा गोड आला. मग गाडी बंद करून त्यानं डब्याच्या सोंडेत, जिथून हवा आत जाते तिथं, दोन बोटं घातली आणि ओढायला लागला. येतंय, येतंय, संपेना. तेलात भिजलेलं हिरवं फडकं, त्याला जरीचा काठ. नलूचं लुगडं मी तिथल्या तिथं ओळखलं.

कमलाकांत खाली बसला. आता काय झालं होतं, ते आमच्या किनाऱ्यावर कुणालाही कळेल. पावसात होड्या वर ओढतात तेव्हा मशीनच्या तोंडात तेलाचं फडकं कोंबतात, खारा वारा आत जाऊन गंजू नये म्हणून. पावसाळ्यात भाडं नव्हतं, गाडी उभी होती. यानं गाडीचीही होडी केली. आणि नारळी पुनवेला होड्या सुटल्यावर यानंही गाडी काढली, फडक्यासकट.

"चढावर दमायची ती," कमलाकांत पुटपुटला. "मी म्हटला, म्हातारी झाली."

"तोंडात लुगडा कोंबला तर मावशी पण दमतील," चंद्रभान म्हणाला.

मी ऐकून घेतलं, कारण काम अजून व्हायचं होतं. त्यानं स्क्रू पुन्हा बसवला, प्लग पुसले. आम्ही तिघं पंपावर गेलो. मशीननं पास केलं, कागद हातात आला, आणि कमलाकांतला एकदम कंठ फुटला. म्हणे, फडक्यात चूक काहीच नाही. खारा वारा गाडीलाही खातो. पुढच्या पावसात परत कोंबणार.

"कोंब. पण काढणार कोण?" चंद्रभान म्हणाला.

"मीच. एकदा चुकला म्हंजे काय रोज चुकेन? मी नाय विसरत कधी काय."

"कधीच नाय?"

"कधीच नाय."

चंद्रभाननं मान थोडी वाकडी केली आणि कमलाकांतच्या पायांकडं बघितलं. मीही बघितलं. उजव्या पायात त्याची चप्पल, डाव्या पायात नलूची, फुलाफुलांची.

कमलाकांतनं पाय गाडीखाली घेतला, म्हणाला, "ठीक हाय, नाय कोंबत."

चंद्रभाननं शर्टाची कॉलर सारखी केली आणि मागच्या सीटवर साहेबासारखा मधोमध बसला.